पिवळं कार्ड, केशरी कार्ड: गरीब कोण हे सरकार कसं ठरवत आलं?

गेल्या महिन्यात रेशन दुकानाच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढं एक आजी होत्या, ऐंशीला टेकलेल्या, घरात एकट्या. सगळं आयुष्य उसाच्या भांगलणीत गेलेलं. त्यांनी मशीनवर उजवा अंगठा ठेवला, मशीननं घेतला नाही. दुकानदार म्हणाला, "आज्जी, पदराला पुसा आणि परत ठेवा." पुसला, ठेवला, परत तेच. मग कुणीतरी सांगितलं म्हणून केसांवरून फिरवून ठेवला. तरी नाही. मी तो अंगठा जवळून बघितला. खुरप्याच्या मुठीनं वरच्या रेषा इतक्या झिजल्यात की कातडी काचेसारखी गुळगुळीत झालीय.

मागून एका बाईनं विचारलं, "आज्जी, लाडक्या बहिणीचं केवायसी झालं का तुमचं?"

"मला न्हाई बाई ते. मी पासष्टच्या वर गेलेय न्हवं."

एका योजनेत नाव आहे पण अंगठा आडवा येतो. दुसऱ्या योजनेत वय आडवं येतं. लाडकी बहीण योजनेतल्या २६ लाखांहून अधिक खात्यांचे पैसे थांबवल्याची बातमी २०२५ मध्ये आली, तेव्हापासून ओळखीचे बरेच जण विचारतात: गरीब कोण हे सरकार ठरवतं तरी कसं? याचं उत्तर द्यायला दीडशे वर्षं मागं जावं लागतं. कारण आज मशीनसमोर आजी जिथं अडल्या, तिथंच सरकारची प्रत्येक योजना कधी ना कधी अडलेली आहे.

सुरुवात दुष्काळापासून

गरिबांचं काही देणं लागतो, असं इंग्रज सरकारला सुरुवातीला वाटत नव्हतं. दुष्काळात माणसं रस्त्यावर मरायला लागली की मात्र हातपाय हलवावे लागत. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. सरकारनं खडी फोडणं, रस्ते, तलाव अशी कामं काढली. पण खर्च वाढतोय म्हणून सरकारनं दुष्काळाच्या देखरेखीला पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कमी केली: धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. दिवसभर घण मारणाऱ्या माणसाला हे पुरणार कसं? मुंबई इलाख्यातल्या हजारो दुष्काळी मजुरांनी कामावर बहिष्कार टाकला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. उपाशी माणसांनी केलेला तो संप आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवा होता.

नंतर दुष्काळ आयोग बसला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता आली, म्हणजे दुष्काळ पडल्यावर कलेक्टरनं काय काय करायचं याची लेखी नियमावली. तिच्यात एक युक्ती होती. गरीब कोण हे शोधत बसायचं नाही. काम कष्टाचं आणि मजुरी पोटापुरती ठेवायची, मग ज्याला खरंच गरज आहे तोच येईल. माणूस स्वतःच स्वतःची निवड करतो. दाखला नको, चौकशी नको. पण म्हातारे, आजारी, बाळंतिणी यांनी घण कसा मारायचा? त्यांच्यासाठी संहितेत फुकट शिध्याची सोय होती. ती द्यायची की नाही हे मात्र गावातला अधिकारी ठरवणार. म्हणजे निवड पुन्हा माणसाच्या हातात.

ही सगळी मदत आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यासारखी होती. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, पाऊस जवळ आला की काढायचे. दुष्काळ संपला की कामं बंद. एरवीच्या साध्या वर्षी जो उपाशी राहतो, त्याचा विचार त्यात नव्हता.

शाहू महाराजांनी काय वेगळं केलं?

१८९४ साली शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि दोनच वर्षांत दुष्काळ आला. महाराज तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनीही दुष्काळी कामं काढली, स्वस्त धान्याची दुकानं उघडली, जनावरांच्या चाऱ्याची सोय केली. कामावर आलेल्या बायकांच्या लहान लेकरांना सांभाळायची सोयही केली. आजही कित्येक बांधकामांवर बाळ वाळूच्या ढिगाजवळ झोपवलेलं दिसतं, तेव्हा मला हे हटकून आठवतं.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांनी पुढं केलेलं काम. माणूस गरीब का राहतो याची कारणं त्यांनी एकेक करून हाताळली. पाणी नाही, म्हणून भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचं काम काढलं. बाजार नाही, म्हणून शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली. कारखाना नाही, म्हणून १९०६ साली शाहू मिल काढली. आणि जात आडवी येते, म्हणून २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. गरिबी सगळ्यांना सारखी वाटलेली नाही, ती काही जातींच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या जास्त आली आहे, हे ओळखून राज्यकर्त्यानं उचललेलं हे पाऊल होतं.

१९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. यात गरीब कोण हा प्रश्नच नाही. पोर आहे ना, मग शाळेत आलंच पाहिजे. कुणाच्या दारात उत्पन्नाचा दाखला मागायला जायचं नाही. हा धागा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दारिद्र्यरेषा म्हणजे नेमकं काय?

स्वातंत्र्यानंतर सरकारला पहिल्यांदा हिशेब हवा होता: देशात गरीब किती? त्यासाठी एक रेघ मारली. माणसाला महिनाभर जगायला किमान किती खर्च लागतो हे काढायचं, आणि त्याहून कमी खर्च करणाऱ्याला गरीब धरायचं. हीच दारिद्र्यरेषा. १९६२ साली एका अभ्यासगटानं ती माणशी महिना २० रुपये ठरवली, १९६०-६१ च्या भावानं. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी अन्नाचा हिशेब धरून रेघ मारली: दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च. १९७९ च्या सरकारी गटानं खेड्यात २४०० आणि शहरात २१०० उष्मांक धरले. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीनं नुसत्या उष्मांकांचा हिशेब सोडून कपडे, शाळा, दवाखाना यांचा खर्च विचारात घेतला.

तरीही तेंडुलकरांची रेघ २०११-१२ च्या भावानं खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये एवढीच आली. दिवसाला २७ आणि ३३ रुपये. या रेघेखाली २१.९ टक्के लोक. २०१४ साली रंगराजन समितीनं रेघ जरा वर नेली, ३२ आणि ४७ रुपयांवर, तर लगेच २९.५ टक्के लोक गरीब निघाले. माणसं तीच, वर्ष तेच, फक्त रेघ पाच ते चौदा रुपयांनी सरकली.

कोल्हापूरकराला हे समजायला अवघड जाऊ नये. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ४२ फूट ११ इंचांवर असताना कागदावर धोका नाही. पण त्याच्या किती आधी नदीकाठच्या घरातली माणसं गाठोडं बांधून तयार असतात! पातळीचा आकडा नदी मोजायला लागतोच, तो नसेल तर प्रशासन अंधारात राहील. मात्र कुणाच्या घरात पाणी आलंय हे त्या आकड्यावरून कळत नाही, त्यासाठी गल्लीत उतरावं लागतं.

दारिद्र्यरेषेचं तसंच. देशातली गरिबी वाढली की घटली हे मोजायला ती बरी. घोळ झाला तो मोजायची पट्टी घेऊन माणसं निवडायला बसल्यामुळं.

अलीकडं नीती आयोग आणखी एका पद्धतीनं मोजतो, बहुआयामी गरिबी. नाव अवजड, गोष्ट साधी: खर्च न विचारता घरात काय काय नाही हे बघायचं. पोषण, शाळा, संडास, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाचा गॅस, बँक खातं अशा १२ गोष्टी. या हिशेबानं २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के लोक गरीब होते, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. ही घट खरी आहे, आणि ती सरकारी प्रयत्नांशिवाय झालेली नाही. संडास, गॅस, वीज, खातं, हे सगळं योजनांतूनच घरात आलं.

कार्डाचा रंग आणि 'इष्टांक शिल्लक नाही'

आता निवडीकडं येऊ. रेशन आधी जवळजवळ सगळ्यांना होतं. १९९७ साली केंद्रानं ठरवलं की स्वस्त धान्य मुख्यतः गरिबांनाच द्यायचं. महाराष्ट्रात १९९९ साली तीन रंग आले: वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. २००० साली सगळ्यांत गरिबांसाठी अंत्योदय आली, घरटी महिना आधी २५ आणि २००२ पासून ३५ किलो. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला आणि धान्य हा हक्क बनला: माणशी महिना ५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत.

मग काही लोकांचं कार्ड केशरी असूनही धान्य का मिळत नाही? हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो. कायद्यानं देशातल्या ७५ टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी लोकांपर्यंतच धान्य द्यायचं ठरवलं आणि प्रत्येक राज्याला संख्या ठरवून दिली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लोक आले. ती संख्या तालुक्यातालुक्यांत वाटली, तिलाच पुरवठा विभागात इष्टांक म्हणतात. केशरी कार्डवाल्यांपैकी काही घरं या यादीत बसली, बाकीची बाहेर राहिली. म्हणून तहसील कार्यालयात "इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर मिळतं. एस.टी.च्या आरक्षित गाडीसारखं आहे हे. तुमची गरज खरी आहे, पण आसन मोकळं झाल्याशिवाय नाव लागत नाही. त्यात ही संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतर जन्मलेली पोरं त्या हिशेबात नाहीतच.

या यादीत बसायला उत्पन्नाची मर्यादा आहे खेड्यात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. जरा भागाकार करा. ४४ हजार भागिले ३६५ म्हणजे दिवसाला १२० रुपये, तेही सगळ्या घराचे मिळून. आज कोल्हापूर जिल्ह्यात एका माणसाला दिवसाची हजेरी १२० रुपये देऊन कुणी कामाला येईल का? म्हणजे घरातला एक माणूस नियमित कामाला गेला तरी घर अपात्र. मग सगळ्यांनाच उत्पन्न कमी दाखवावं लागतं. दाखला काढणाऱ्याला ते माहीत असतं आणि देणाऱ्यालाही. भूक लागलेल्या माणसाला खोटं बोलायला लावणारा नियम मला चांगला नियम वाटत नाही.

निवड करताना दोन तऱ्हेच्या चुका होतात. ज्याला नको त्याला मिळतं, ही एक. ज्याला हवं तो बाहेर राहतो, ही दुसरी. धान्य चाळायची चाळण आठवा. भोकं मोठी ठेवली तर धान्याबरोबर खडेही खाली पडतात. भोकं बारीक केली तर खडे अडतात, पण चांगले दाणेही वरच राहतात आणि कचऱ्याबरोबर फेकले जातात. बातमी नेहमी पहिल्या चुकीची होते: बंगलेवाल्यानं पिवळं कार्ड काढलं, पुरुषांनी लाडक्या बहिणीचे पैसे घेतले. त्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण म्हणून चाळण बारीक केली की कोण अडतं? लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नवरा किंवा वडिलांचा आधार मागितला, तेव्हा दोघंही हयात नसलेल्या बायका अडल्या. आणि रेशनच्या मशीनवर अंगठ्याच्या रेषा झिजलेली आजी अडते. यांची बातमी होत नाही, कारण या गुपचूप घरी जातात.

दाखला न मागणारी योजना

या कोड्यातून एक वाट महाराष्ट्रानं काढली आणि ती देशानं उचलली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घराघरात आहेत: मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी, कामावर वाटलेली सुकडी, खडी फोडून सुजलेले हात. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खणून झालेल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा तसाच ठेवायचे, किती खोल खणलं हे मोजता यावं म्हणून. त्या मापावर मजुरी.

त्या आधीपासून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे सांगत होते, की दुष्काळाची वाट कशाला बघायची? काम मागेल त्याला काम, हा कायमचा हक्क करा. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, १९६५ च्या सुमारास त्याचा प्रयोगही झाला होता. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. बरगे आता बाराही महिने घातलेले राहणार होते.

दुष्काळ संहितेतली युक्ती इथंही आहे: काम मागायला येतो तोच गरजू. फरक हा, की तेव्हा उपाशी माणसाची परीक्षा घेतली जात होती, आता काम दिलं नाही तर सरकारनं बेकारी भत्ता द्यायचा. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी. २००५ साली याच धर्तीवर देशाचा कायदा झाला, घरटी वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा. २०२५-२६ साठी त्याची महाराष्ट्रातली मजुरी ३१२ रुपये होती. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या बागायती पट्ट्यात पुरुषाची हजेरी याहून जास्त पडते, म्हणून तिथं त्या कामांना गर्दी होत नाही. गर्दी नसणं हे अपयश नाही. गरज नसलेला माणूस आपणहून बाजूला राहिला, हाच त्या योजनेचा हेतू.

दोष नव्हते असं नाही. खोटी मस्टरं, म्हणजे हजेरीपत्रकं, भरली गेली, मजुरी महिनोन्‌महिने थकली. आणि काम करू न शकणाऱ्यांसाठी ही योजना नाहीच. त्यांच्यासाठी १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे. तिथं पुन्हा दाखले आले.

मधल्या काळात इतरही प्रयत्न झाले. कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारा जमिनीचा मालक झाला, पण कागदावर कूळ म्हणून नाव नसलेल्या मजुराला काही मिळालं नाही. १९८० पासून देशभर गरिबांना म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन घ्यायला कर्ज आणि अनुदान दिलं गेलं. ज्याच्याकडं चारा आणि गोठा होता त्याची म्हैस टिकली, बाकीच्यांच्या डोक्यावर कर्ज राहिलं. नीळकंठ रथांनी १९८५ सालीच सांगितलं होतं, की बहुतेक गरिबांना आधी हमखास मजुरी लागते.

"फुकट दिल्यानं लोक आळशी होतात"

हे कट्ट्यावर रोज ऐकायला मिळतं, म्हणून त्याला हिशेबानंच उत्तर देतो. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम धान्य. दोन वेळची भाकरीसुद्धा नीट होत नाही. लाडकी बहीणचे १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यावर कोण बसून खाईल? भांगलणीला बाई मिळत नाही ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. पण घरात दाणे असल्यावर बाई पडेल त्या मजुरीला होकार देत नाही, जरा घासाघीस करते. तिला मी आळशी म्हणणार नाही.

"पण पैसा आमच्याच खिशातून जातो ना?"

जातो, आणि तो जातो हे उघड सांगितलं पाहिजे. पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा व्यवसाय कर दिसतो. तो १९७५ साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, हे तेव्हा सभागृहात ठरवून, कायदा करून केलं. लाडकी बहीणसाठी २०२४ साली वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद जाहीर झाली. रक्कम प्रचंड आहे. ती कुठून येणार आणि कोणत्या खर्चाला कात्री लागणार हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. गरिबांविषयी कळवळा असणाऱ्यानं तर आधी विचारावा, कारण पैशाची सोय नसलेली योजना निवडणूक संपली की पहिली आटते.

गळतीचं म्हणाल तर राजीव गांधींनी १९८५ मध्येच म्हटलं होतं, की एका रुपयातले पंधरा पैसेच पोचतात. पैसे थेट खात्यात आल्यापासून मधली बरीच भोकं बुजली. पाटाच्या पाण्याचं होतं तसंच: अस्तर केलं की गळती थांबते. पण शेवटच्या शेताचं तोंडच बंद असेल, खातं आधारला जोडलेलं नसेल, अंगठा लागत नसेल, तर अस्तर केलेल्या पाटाचाही तिथं उपयोग नाही.

"जिल्हा सुधारला की गरिबी आपोआप जाईल"

आपला जिल्हा राज्यातल्या सधन जिल्ह्यांत गणला जातो. साखर, दूध, फौंड्री, इचलकरंजीचे माग. तरी हंगामात कारखान्याच्या आवारात पालं पडतात ती बीडकडच्या तोडणी मजुरांची, आणि गगनबावडा, शाहूवाडीच्या वाड्यांवरची तरुण पोरं मुंबई गाठतात. गगनबावड्याला पावसाची कमी नाही, कमी आहे ती सपाट जमीन, रस्ता आणि जवळच्या कामाची. म्हणजे सुबत्ता आली तरी ती उताराकडंच वाहते. चढावरच्या घराला पाणी द्यायचं तर मोटार लावावी लागते. १९१७ चा शाळेचा हुकूम ही तशीच मोटार होती.

मग सरसकट सगळ्यांना द्यायचं का? मला वाटतं अन्न, शाळा आणि दवाखाना या तीन गोष्टी दाखला न मागता द्याव्यात. काम मागेल त्याला द्यावं. जिथं निवड टाळताच येत नाही तिथं उत्पन्न विचारण्यापेक्षा डोळ्यांना दिसणारी खूण धरावी: वय, अपंगत्व, एकटी बाई, भूमिहीन घर. आणि ४४ हजारांचा आकडा आजच्या मजुरीला धरून बदलावा. हे माझं मत. यावर वाद घालायला जागा आहे.

आजींचं काय झालं? मशीनला अंगठाच लागतो असा समज आहे, पण आधारला दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात आणि कुठलंही बोट चालतं. दुकानदाराला हे माहीत होतं, फक्त मागं रांग मोठी होती. आम्ही जरा थांबायला तयार झालो. उजव्या हाताची पाचही बोटं झाली, डाव्या अंगठ्यापासून सुरुवात केली, आणि डाव्या करंगळीला मशीन बोललं. खुरपं उजव्या हातात असतं, त्यामुळं त्या करंगळीच्या रेषा अजून शाबूत होत्या. आजींनी पिशवी उघडून धरली. पुढच्या महिन्यात विसरायला नको म्हणून दुकानदारानं त्यांच्या पिवळ्या कार्डाच्या पुठ्ठ्यावर पेननं लिहून दिलं: डावी करंगळी.